परक्या घराचा उंबरठा

उन्हाळा सरत आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कित्येक घरांत एक लगबग आता दरवर्षी दिसू लागली आहे. बँकेच्या कर्जाची कागदपत्रे, व्हिसाची तारीख, विमानाचे तिकीट, आणि या सर्वांच्या जोडीला चटण्या-मेतकुटाचे डबे. ज्या घरातून एका पिढीपूर्वी मुलगा पुण्याला शिकावयास निघाला तरी आजी दृष्ट काढीत असे, त्याच घरातून आज मुलगा, आणि मुलगीही, जर्मनीला, नेदरलँड्सला किंवा आयर्लंडला निघते. नीरेच्या कालव्याने आणि साखर कारखान्यांनी या भागाला जे दिले, त्यातील बराच अंश आता पुढच्या पिढीच्या परदेशी शिक्षणात गुंतविला जात आहे. ही प्रगतीची खूण आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि या लगबगीत एका प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. शुल्क किती, व्याज किती, नोकरी मिळेल की नाही, यांचा हिशेब बारकाईने मांडला जातो. पण ते मूल तेथे कोणाच्या छपराखाली राहणार, कोणाच्या चुलीवर शिजलेले अन्न खाणार, आणि त्या घरातील माणसे त्याला काय मानणार, हा प्रश्न ‘होईल काहीतरी सोय’ एवढ्यावर सोडून दिला जातो. वस्तुतः शिक्षणाचा निम्मा भार या प्रश्नावरच उभा असतो. आणि त्याला आणखी एक बाजू आहे. ज्या गावांतून ही मुले परक्या घरांचा आसरा घेण्यासाठी निघतात, त्याच गावांत दुसऱ्यांची मुले आसरा शोधत आलेली असतात. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, म्हणजे हा प्रश्न एकेका कुटुंबाच्या सोयीपुरता न राहता सामाजिक होतो.

वार, माधुकरी आणि बोर्डिंग

परक्याच्या घरी राहून विद्या संपादन करणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. खुद्द बारामतीचे नाव मराठी वाङ्मयात अमर झाले, ते एका आश्रितामुळेच. १७२९ साली पन्हाळगडी जन्मलेले मोरोपंत पराडकर तरुणपणी बारामतीस आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले. नाईक हे सावकार आणि सरदार, पेशव्यांचे सोयरे. त्यांच्या वाड्यात पुराण सांगत मोरोपंतांनी आयुष्य वेचले आणि १७९४ साली बारामतीतच देह ठेवला. कऱ्हाकाठचे हे गाव आर्याकारांचे म्हणून ओळखले जाते. पण आर्याकार मुळात बाहेरगावचे होते आणि एका घराने त्यांना आपले म्हटले, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते.

पुढे इंग्रजी शाळा निघाल्या आणि खेड्यापाड्यांतील गरीब मुले पुण्या-साताऱ्याकडे वळली. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे, याला ‘वार लावणे’ म्हणत. ज्यांना तेही जमत नसे ते झोळी घेऊन माधुकरी मागत. या प्रथेचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. अनेक नामवंतांचे शिक्षण या वारांवर झाले. परंतु या वारांना जातीचे कुंपण होते, हेही तितकेच खरे आहे. सोमवारचे घर कोणत्या मुलाला उघडे आणि कोणत्या मुलाला बंद, हे त्या मुलाच्या बुद्धीवर ठरत नव्हते. शिवाय जेथे दार उघडत असे तेथेही वाढणाऱ्या हाताचा मूड आणि खाणाऱ्याचा स्वाभिमान यांची रोज झटापट होई. उपकाराखाली दबलेले मूल लवकर शहाणे होते, पण मनमोकळे होतेच असे नाही.

या व्यवस्थेला पर्याय म्हणून वसतिगृहे आली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगचा आरंभ केला आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात त्यांनी सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलाने परक्याच्या दारी हात पसरू नये, स्वतःच्या श्रमावर शिकावे, हा त्यामागील विचार होता. वसतिगृहाने मुलाचा स्वाभिमान राखला. मात्र घराची जी शिकवण असते, म्हणजे निराळ्या वयाच्या, निराळ्या सवयींच्या माणसांशी जुळवून घेण्याची, ती वसतिगृह कितीही चांगले असले तरी पुरतेपणी देऊ शकत नाही. म्हणूनच परक्या घरात राहण्याचा प्रश्न संपला नाही. त्याने फक्त रूप बदलले.

रोझेलचे घर

परदेशातील परक्या घराचा विचार करताना मराठी माणसासमोर पहिले उदाहरण उभे राहते ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. सोबत पती नव्हता, नात्यातले कोणी नव्हते. बंदरावर त्यांना उतरवून घेण्यास आल्या त्या न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. या बाईंनी गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात वाचला होता आणि एका अनोळखी हिंदू मुलीला आपण होऊन पत्र लिहिले होते. तीन वर्षे दोघींची पत्रे चालली होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होण्यापूर्वीचे महिने त्यांनी या मावशीच्याच घरी काढले.

ही हकीकत चरित्रांतून, कादंबरीतून, नाटकातून आणि अलीकडे चित्रपटातूनही महाराष्ट्राला ठाऊक झालेली आहे. तिच्यातील धैर्याची बाजू सर्वांना पाठ आहे. पण त्या घरातील व्यवहाराची बाजू तितकीच विचारात घेण्यासारखी आहे. दोन्ही पक्षांनी एकमेकांना आधी पत्रांतून ओळखून घेतले होते. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी सेरामपूर येथील जाहीर भाषणात सांगून टाकले होते, आणि कार्पेंटरबाईंनी त्या निश्चयाला धक्का लावला नाही. घर ख्रिस्ती, पाहुणी शाकाहारी आणि लुगडे नेसणारी. तरी एकाच छपराखाली दोघींचा निभाव लागला. याचे कारण असे की, ‘तू आमच्यासारखी झालीस तरच तू आमची’ अशी अट एकीने घातली नाही आणि ‘तुम्ही माझ्यासाठी बदला’ असा हट्ट दुसरीने धरला नाही.

याचा अर्थ सर्व सुरळीत झाले असा मात्र नव्हे. फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारा आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी आनंदीबाईंची प्रकृती खालावत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. परक्या घराने आपल्या मृतांच्या शेजारी जागा द्यावी, याहून अधिक आपलेपणा कोणता असू शकतो? परंतु चांगले घर लाभले तरी हवा, अन्न आणि एकाकीपणा यांच्याशी ज्याचे त्यालाच झुंजावे लागते, हा या कथेतील दुसरा धडाही विसरता कामा नये.

बडोद्याची सराई

या कथेच्या शेजारी दुसरी एक हकीकत ठेवली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथून लंडनला गेले. त्या परक्या देशांत त्यांनी हाल सोसले, पण ते मुख्यतः पैशाचे होते. राहण्याची खोली त्यांना जन्मावरून नाकारली गेली नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा मात्र त्या शहरात त्यांना बिऱ्हाड मिळेना. अखेर नाव लपवून एका पारशी सराईत ते राहिले आणि जात कळताच अवघ्या काही दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावून लावले. पुढे १९२१-२२ च्या सुमारास लंडनमध्ये किंग हेन्री रोडवरील ज्या घरात ते राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि आज ते स्मारक आहे.

या दोन्ही हकीकती एकत्र वाचल्या म्हणजे एक अप्रिय सत्य पुढे येते. परदेशी घरांचा आदरातिथ्याचा गुण मराठी समाजाने मोकळेपणी स्वीकारला. पण स्वतःच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा मात्र निराळ्याच कसोटीवर घेतली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण घराबाहेर जेवढी लागू पडते त्याहून अधिक उंबरठ्यावर लागू पडते.

आजचा करार

आजचा विद्यार्थी कार्पेंटरबाईंच्या भरवशावर निघत नाही. आजची व्यवस्था प्रामुख्याने कराराची आहे. आयर्लंड, ब्रिटन, कॅनडा, न्यूझीलंड या देशांत भाषा शिकण्यासाठी आलेल्या किंवा अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांनी पैसे देऊन एखाद्या कुटुंबात राहण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. न्यूझीलंडमध्ये तर अज्ञान विद्यार्थ्याला ज्या घरी ठेवायचे त्या घराची पाहणी शिक्षणसंस्थेने करावी, असा दंडकच आहे. जर्मनीत अठरा ते सव्वीस वर्षांचे तरुण यजमान कुटुंबातील मुले सांभाळून भाषा शिकतात. त्यांच्याकडून आठवड्याला तीस तासांहून अधिक काम घेता येत नाही. शेतीच्या क्षेत्रातही ही प्रथा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून, अमेरिकेत सुरू झालेल्या शेतकरी तरुणांच्या देवघेवीच्या योजनेत भारतातील तरुणही अमेरिकन शेतकऱ्यांच्या घरी राहून आले आणि अमेरिकन तरुण भारतातील खेड्यांत राहून गेले. ज्या भागातील संस्थांनी डच शेतीशास्त्राशी नाते जोडले आणि ज्या भागातील उसाच्या फडात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत, त्या भागाला या देवघेवीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही.

परंतु करार झाला म्हणजे घर लाभले, असे होत नाही. मराठी घरात पाहुण्याने आधी ‘नको’ म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करून वाढायचे, हा शिरस्ता आहे. युरोपातील घरात ‘नको’ याचा अर्थ नको एवढाच होतो. पहिल्या दिवशी संकोचाने ‘नको’ म्हटलेला मुलगा रात्रभर उपाशी राहतो आणि त्या घराला माया नाही अशी गाठ मनाशी बांधून घेतो; घराला मात्र त्याच्या शब्दाचा मान राखल्याचे समाधान असते. नेदरलँड्समध्ये दुपारी बहुधा पाव आणि चीज, आणि ऊन जेवण संध्याकाळी सहाच्या सुमारास. रात्री नऊला भाकरी-कालवण खाण्याची सवय असलेल्याला ते जेवण म्हणजे मधल्या वेळचे खाणे वाटते. जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळायची, कागद, काच, वेष्टने आणि ओला कचरा वेगवेगळा टाकायचा, गरम पाणी आणि खोलीची ऊब जपून वापरायची. यांतील प्रत्येक गोष्ट लहान आहे. पण एकत्र राहणे अशा लहान गोष्टींवरच सुखाचे किंवा दुःखाचे होते.

शिवाय दारे सर्वत्र उघडीच आहेत, असा समजही करून घेऊ नये. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांच्या निवासाची टंचाई इतकी तीव्र आहे की, राहण्याची सोय झाल्याखेरीज येऊ नका असा सल्ला तेथील विद्यापीठेच परदेशी विद्यार्थ्यांना देत आली आहेत. खोलीच्या जाहिरातीत ‘फक्त डच भाषिकांसाठी’ अशी अट दिसते, तेव्हा इकडून गेलेल्या मुलाला प्रथमच कळते की, आपणही कोणाच्या तरी लेखी ‘बाहेरचे’ आहोत. जर्मनीत नव्या बिऱ्हाडाची नोंद साधारणतः दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी निवेदन लागते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची जी रक्कम बँकेत बाजूस ठेवून दाखवावी लागते, ती २०२४ साली ११,९०४ युरो ठरली. एवढे पैसे उभे करणाऱ्या पालकाला, पत्ता हीसुद्धा एक मिळकत आहे, हे मुलगा तेथे पोहोचल्यावरच उमगते.

यजमान बारामती

आता हीच दृष्टी थोडी इकडे वळवून पाहू जाता काय दिसते? बारामती हे आज शिकणाऱ्यांचे गाव आहे. १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, शारदानगरला शेतीच्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या सोयी झाल्या, आणि २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली येथे येतात. वसतिगृहांत सर्वांची सोय होणे शक्य नाही; उरलेली मुले गावात खोल्या घेतात, कोणाच्या घरी पैसे देऊन राहतात, खानावळीत जेवतात. त्यांच्या भाड्यावर किती तरी घरांचे मजले चढले आहेत.

या मुलांना खोली देताना कोणते प्रश्न विचारले जातात? महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात खोली शोधलेल्या विद्यार्थ्याला ते ठाऊक आहेत. आडनाव काय, गाव कोणते, घरी काय खातात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरेसे बोलके असले तर पुढचे विचारले जात नाहीत, आणि खोली ‘कालच दुसऱ्याला दिली’ असे सौजन्यपूर्वक सांगितले जाते. बारामती किंवा इंदापूर याला अपवाद आहेत, असा दावा तेथील रहिवासीही करणार नाहीत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली आणि निवास-भोजनाचा खर्च त्यांच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था केली. योजना स्तुत्य आहे. परंतु शासन भाड्याची रक्कम देऊ शकते, दार उघडवू शकत नाही. पैसे खिशात असूनही जागा न मिळण्याचा अनुभव बडोद्याला १९१७ साली संपला, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल?

वास्तविक या भूमीचा इतिहासच बाहेरून आलेल्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या पाण्यामागोमाग सासवडकडचे कसबी माळी बागायतदार या पट्ट्यात उतरले. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातील माळरानावर वालचंदनगर उभे राहिले आणि नाना प्रांतांचे कारागीर तेथे वसले. उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची गावे गेली आणि इंदापूर तालुक्यातील शेकडो कुटुंबांना नव्या जागी घरे मांडावी लागली. पळसदेवचे बुडालेले देऊळ दुष्काळी वर्षात पाण्याबाहेर येते, तेव्हा ते पाहावयास गर्दी लोटते. त्या देवळाभोवतीच्या माणसांना नव्या जागी रुजताना काय सोसावे लागले, याची आठवण मात्र पाण्याखालीच राहते. ज्यांच्या आजोबांनी उपरेपण भोगले, त्यांना ‘बाहेरचा’ हा शब्द इतक्या सहजपणे उच्चारता येऊ नये.

आणि या सर्वांहून दूर, गावाच्या वेशीबाहेर, आणखी एक विद्यार्थी उभा असतो. दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील आणि इंदापूर तालुक्यातील इतर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. पाचटाच्या कोपीत त्यांचे पाच-सहा महिने जातात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. मूळ गावी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. आणि शिक्षणहक्काच्या कायद्याने जवळच्या शाळेत प्रवेश मिळण्याचा अधिकार दिला. कागदावर उणे काही नाही. पण वर्गात मध्येच येऊन बसलेले आणि परीक्षेपूर्वीच निघून जाणारे ते मूल त्या गावाच्या लेखी अदृश्यच असते. परदेशी शिक्षणाला निघालेल्या मुलाचे शुल्क ज्या उसातून भरले जाते, तो ऊस तोडणाऱ्याचे मूल त्याच शिवारात परके राहते, ही विसंगती मन अस्वस्थ करणारी आहे.

घरमालकाचा हक्क

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. घर हे ज्याचे त्याचे असते. रात्री-अपरात्री कोण येणार, आपल्या स्वयंपाकघरात काय शिजणार, घरातील लेकीसुनांना संकोच होईल की नाही, हे ठरविण्याचा अधिकार घरमालकाला असलाच पाहिजे. मुलींना खोल्या देणाऱ्यांवर तर अधिक जबाबदारी असते. उद्या काही भलतेसलते झाले तर बोल त्यांनाच लागतो. शिवाय सर्व विद्यार्थी काही आनंदीबाई नसतात. भाडे बुडविणारे, भिंती खराब करणारे, शेजाऱ्यांची झोप मोडणारेही असतातच. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’, असे पूर्वजांनी उगाच म्हणून ठेवले नाही.

हे सर्व मान्य करूनही एक भेद स्पष्ट राहतो. वागणुकीचे नियम करणे निराळे आणि जन्माची चौकशी करणे निराळे. दहाच्या आत घरी यावे, स्वयंपाकघरात मांसाहार शिजवू नये, गाणे मोठ्याने लावू नये, भाडे पाच तारखेस द्यावे, हे नियम कोणालाही पाळता येतात. पटत नसेल त्याने दुसरी खोली पाहावी. जन्म मात्र कोणालाच पाळता येत नाही आणि टाळताही येत नाही. जर्मन किंवा डच घरमालकाने आपल्या मुलाला काटेकोर नियम सांगितले तर बारामतीचा पालक त्याला शिस्त म्हणून वाखाणतो. त्याच घरमालकाने मुलाच्या वर्णाकडे पाहून दार लावले तर तो संतापतो. हा संताप रास्त आहे. प्रश्न इतकाच की, तो परतीच्या प्रवासात कोठे हरवतो?

काय करता येईल

या प्रश्नाला कायदा हे उत्तर अपुरे आहे. कोणाच्या मनातील नकार न्यायालयात सिद्ध करणे कठीण असते, आणि सक्तीने उघडलेल्या दारामागे घर नसते, केवळ खोली असते. वसतिगृहांची संख्या वाढलीच पाहिजे. ती शासनाची आणि संस्थांची पहिली जबाबदारी आहे. परंतु त्याखेरीज महाविद्यालयांना सहज करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. गावातील ज्या घरांत विद्यार्थी राहतात त्यांची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी, प्राध्यापकांनी ती घरे एकदा पाहून यावीत, भाडे, वेळा, भोजन आणि पाहुण्यांविषयीच्या अटी साध्या मराठीत लिहून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. घरमालकाची भीती बव्हंशी अनोळखीपणाची असते. मुलाची हमी महाविद्यालय घेते आहे असे दिसले तर ती निम्म्याने कमी होईल. आणि ज्या घरांना जात विचारल्याखेरीज खोली देता येत नाही, त्यांची नावे महाविद्यालयाच्या यादीत असू नयेत. ही शिक्षा नव्हे. संस्थेच्या प्रतिष्ठेचा तो साधा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट परदेशी निघालेल्यांची. व्हिसाचे आणि परीक्षांचे मार्गदर्शन करणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. परक्या घरात कसे राहावे हे मात्र कोणी शिकवीत नाही. तेथून शिकून परतलेले तरुण या तालुक्यांत आता थोडे नाहीत. त्यांनी सुट्टीत एखादी दुपार द्यावी आणि ‘नको’ याचा अर्थ, कचऱ्याचे डबे, भांडी घासण्याची पाळी, एकाकी रविवार यांविषयी मोकळेपणाने बोलावे. ज्या मुलाने घरी कधी स्वतःचे ताट उचललेले नाही, त्याची तेथे पहिल्याच आठवड्यात फजिती होते. हे त्याच्या आईला आधी कळलेले बरे. मुलीपेक्षा मुलगा परक्या घरात अधिक अवघडतो, याचे मूळ बहुधा या न उचललेल्या ताटातच असते.

तिसरी गोष्ट कारखान्यांची आणि त्यांच्या सभासदांची. हंगामापुरती आलेली मुले ही जिल्हा परिषदेच्या शाळेची आणि त्या गावाची तात्पुरती का होईना, मुले आहेत, असे मानून त्यांच्या ने-आणीची आणि संध्याकाळच्या अभ्यासाची व्यवस्था करणे ऊस पिकविणाऱ्या गावांना अशक्य नाही. सहकाराच्या बळावर ज्या परिसराने कारखाने उभे केले, तेथे एक दिवाबत्तीची खोली उभी राहू नये, हे पटण्यासारखे नाही.

एवंच, मुलाला परदेशी पाठविणे हे अखेर एका अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर टाकलेले मोठे विश्वासाचे ओझे असते. कोणीतरी दार उघडील, पानात दोन घास वाढील, आजारात कपाळावर हात ठेवील, आणि त्याचे आडनाव उच्चारता आले नाही तरी त्याला नावाने हाक मारील, या भरवशावर बारामतीचे आणि इंदापूरचे पालक विमानतळावरून माघारी फिरतात. रात्री उशिरा ते घरी पोहोचतात, तेव्हा त्यांच्याच वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या आळीत कोणा दुसऱ्या जिल्ह्यातील पालकाचे मूल अभ्यासाला बसलेले असते. त्या पालकानेही असाच भरवसा टाकलेला असतो, आणि तो ज्यांच्यावर टाकला आहे ते घर हेच असते.